चक्कर न येणारी मुलगी

मिहिकाने ग्लास पाडला नाही. तिने तो सोडला.

फरक मला दिसला, कारण मी नेमकी तिच्यासमोर बसले होते, मांडीवर ओजसला घेऊन. दुपारची जेवणं चालली होती. तिने ताकाचा ग्लास तोंडापासून दूर केला, छातीच्या उंचीवर आणला, बोटं उघडली आणि दोन्ही हातांनी भाकरी मोडायला लागली. जणू तिथे हवेत एक फळी होती. ग्लास सरळ खाली गेला. स्टीलचा होता म्हणून फुटला नाही, पण ताक आबांच्या पायजम्यापर्यंत उडालं.

मिहिका वाकून बघत राहिली. चूक झाली की तिचा चेहरा लगेच पडतो, मला माहीत आहे. तसा तो पडला नव्हता. चूक ग्लासाने केली होती आणि तिला त्याचं नवल वाटत होतं.

"काहून वं, लक्ष कुठं हाय?" आबा म्हणाले. "हाताले तेल लावून बसली का?"

"सॉरी आबा," ती म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

आता सगळं नीट आहे, म्हणून मला हे शांतपणे लिहिता येतंय. तेव्हा मात्र माझा घास हातातच राहिला होता.

यंदा अकोल्यात होळी होताच उन्हबंदी लागली. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मुलांनी घराबाहेर पडायचं नाही, शाळा पडद्यावर, मैदानांना कुलूप. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, माझा नवरा श्रीरंग, दहा वर्षांची मिहिका, पाच महिन्यांचा ओजस आणि माझे सासरे, म्हणजे आबा. सासऱ्यांनी उभं आयुष्य एसटी चालवली. निवृत्त झाले तरी सोफ्यावर बसताना आधी डावी-उजवीकडे बघतात. इतकी माणसं दिवसभर पडदे ओढून एका घरात कोंडलेली असली, की कुणालाही दुसऱ्या ग्रहावर जावंसं वाटेल.

आमच्याकडे त्याची सोय होती. श्रीरंग नागपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी घरूनच काम करतो. ती कंपनी 'दूरवाट' नावाचा अंतराळप्रवासाचा खेळ तयार करत होती. दिवाळीला तो बाजारात यायचा होता आणि त्याआधी कंपनीतल्या लोकांच्या घरी तो तपासायला दिला होता. प्रत्येकाने जहाजावरची एक भूमिका घ्यायची, ती निभवायची आणि सगळ्यांनी मिळून एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं. बंदुका नाहीत, मारामारी नाही. पाणी जपायचं, बियाणं जपायचं, अनोळखी ग्रहावर उतरायचं की नाही हे बोलून ठरवायचं. आबा वैमानिक झाले. मिहिका भांडारप्रमुख.

मी जाहिरात करत नाही, पण खेळ चांगला होता. ओजस झाल्यापासून मिहिका गप्प गप्प झाली होती. विचारलं तर "काही नाही" म्हणायची. भांडारप्रमुख झाल्यावर ती जेवताना बोलायला लागली. आज ऑक्सिजनच्या टाक्या कमी पडत होत्या, मग मी काय केलं माहितीये का, असं. घरातलं दूध संपत आलंय हे माझ्या आधी तिच्या लक्षात यायला लागलं.

खेळाला नावं ठेवायला तर दोघंही तयारच असायचे.

"जहाज दमदार हाय," आबा म्हणायचे, "पण हॉर्न नाही बाप्पा त्याले."

"आबा, अंतराळात आवाज जात नाही."

"मंग समोरच्याले कसं समजन? आन् एवढे ग्रह फिरलो, एका बी ग्रहावर चहाची टपरी नाही. ड्रायव्हरनं करावं काय?"

मिहिकाची तक्रार वेगळी होती. "सगळीकडची वाळू सारखीच आहे, बाबा. आणि तो हिरवा दुकानदार रोज विचारतो, प्रवासी, कुठून आलीस? मी रोज सांगते. त्याच्या लक्षातच राहत नाही."

श्रीरंग हसत हसत सगळं टिपून कंपनीला पाठवायचा. वाळू बदलता येण्यासारखी होती, दुकानदारही. खेळाची खरी कमाल दुसरीकडे होती आणि ती त्याची स्वतःची होती.

आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाशेजारी, तोल सांभाळणारा एक इवलासा अवयव असतो. डोकं कुठे कललंय, आपण पडतोय की उभे आहोत, हे तो मेंदूला सांगतो. कानामागच्या हाडावर दोन चकत्या चिकटवून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडला, तर त्या अवयवाकडून येणारा निरोप थोडा बदलता येतो. पूर्वी या युक्तीने नुसतं डोलल्यासारखं व्हायचं. श्रीरंगच्या गटाने हेल्मेटमधलं डोळ्यांसमोरचं चित्र, हातमोजे आणि हा प्रवाह असे काही जुळवले होते, की खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण तरंगतोय असं मनापासून वाटे. हातमोज्यांतली वस्तू सोडली की ती तिथेच थांबे. हलकेच ढकलली की संथ जात जात पलीकडच्या माणसाच्या हातात पोचे. मी एकदाच घालून बघितलं, मळमळलं आणि काढून ठेवलं. आबांना अर्ध्या तासात गरगरायचं. मिहिका मात्र सकाळची शाळा संपली की जेवणापर्यंत आणि जेवणानंतर पुन्हा, आरामात खेळायची.

मी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सध्या रजेवर आहे, पण सवय जात नाही. ओल्या कागदावर बी ठेवायचं आणि रोज बघायचं, एवढंच आमचं काम. एखादं बी आज उगवलं नाही याला फारसा अर्थ नसतो. त्याचं कसं चाललंय, ते बघायचं असतं.

ग्लासानंतर मी बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी केस विंचरता विंचरता तिने कंगवा हवेत ठेवला आणि रबर शोधायला वळली. कंगवा पायावर पडला. मग न्हाणीघरात साबण. मग मी मागितला तेव्हा टीव्हीचा रिमोट: तिने तो दिला नाही, माझ्या दिशेने अलगद ढकलून सोडला आणि निघूनही गेली. तो आमच्या दोघींच्या मध्ये फरशीवर आपटला आणि त्याचे सेल सोफ्याखाली गेले.

सेल काढायला मी गुडघ्यांवर बसले होते. मान वर केली, तर मिहिका पाळण्याजवळ उभी होती आणि ओजसला उचलत होती.

मी कशी उठले आठवत नाही. "दे, त्याला भूक लागली असेल," म्हणाले आणि त्याला काढून घेतलं.

"आत्ताच तर पाजलंस ना?"

"तरी."

त्यानंतर मी तिला ओजस दिलाच नाही. दर वेळी नवं निमित्त. त्याला झोप आलीये. त्याला घाम आलाय. तुझा अभ्यास राहिलाय. ओजस होण्याआधी मी तिलाच सांगितलं होतं, हा तुझा भाऊ, तुझ्या मांडीवर मोठा होणार. पहिले चार महिने तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आता कुठे ती आपण होऊन जवळ यायला लागली, तर मी हात आडवा घालत होते. खरं कारण सांगायचं तर कसं? तुझ्या हातांचा मला भरवसा वाटत नाही, असं दहा वर्षांच्या मुलीला कुठल्या शब्दांत सांगतात?

एकदा तिने मुद्दाम माझ्यासमोर येऊन दोन्ही तळवे पुढे केले. "मी हात धुतलेत, आई."

"नंतर, राजा."

आबांच्या ते नजरेतून सुटलं नाही. "पोट्टं काय रिझर्वेशनचं हाय का वं?" ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले सीटच नाही त्याच्यापाशी." मी हसून वेळ मारून नेली.

संध्याकाळी सहाला उन्हबंदी उठली की सगळी इमारत गच्चीवर येते. तिथे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मी श्रीरंगला सांगितलं.

"लक्ष नसतं गं तिचं," तो म्हणाला. "या वयात असंच असतं."

"लक्ष नसेल तर वस्तू हातातून निसटते. ही ठेवते, श्रीरंग. हवेत."

"आम्ही एवढ्या मुलांवर तपासलंय. प्रत्येकाला खेळानंतर विचारतो. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, काहीही नाही. एकाही मुलाला नाही."

"आणि मोठ्यांना?"

"मोठ्यांना होते थोडी. म्हणून तर त्यांना अर्ध्या तासाची मर्यादा आहे. मुलांना चक्कर येतच नाही, म्हणून त्यांना मर्यादा नाही."

तो हे अगदी सहज बोलला. मी ते एकदा घालून बघितलं तेव्हा माझ्या शरीरात काय झालं होतं ते मला आठवलं. डोळे म्हणत होते तरंगतेयस, आणि पोटात, पायांत, पाठीत काहीतरी ठामपणे म्हणत होतं, छे, खुर्चीत बसलीयेस. त्या भांडणाचं नाव चक्कर.

"आबांना चक्कर येते, कारण त्यांचा मेंदू अजून मानत नाही," मी म्हणाले. "मिहिकाचा भांडतच नाही. त्याने मानून टाकलंय. तिला चक्कर येत नाही हीच खूण आहे, आणि तुम्ही तिच्यापुढे 'सर्व ठीक' लिहिताय."

श्रीरंगला पटतंय असं वाटत असतानाच तो म्हणाला, "ओजस झाल्यापासून तुला सगळ्यातच धोका दिसतो, केतकी. परवा पंख्याचा दिसला होता."

पंख्याचं खरं होतं. भर उकाड्यात मी तो दोन दिवस लावू दिला नव्हता.

मग मी माझ्या पद्धतीने तपासायचं ठरवलं. सकाळी, खेळाच्या आधी, मिहिकाकडून वस्तू मागायच्या: चमचा, उशी, चिमटा. सगळ्या नीट हातात यायच्या. दुपारी, खेळ झाल्यावर, त्याच वस्तू पुन्हा मागायच्या. काही हातात यायच्या, काही वाटेत पडायच्या. आठवडा सरता सरता एका सकाळी, खेळाला हात लावायच्या आधीच, तिने दुधाची पिशवी ओट्याच्या अलीकडे सोडली. आता ते खेळापुरतं राहिलं नव्हतं. ते मुक्कामाला आलं होतं.

त्याच दुपारी श्रीरंग कंपनीच्या बैठकीत, पडद्यासमोर बसलेला. पलीकडची माणसं काहीतरी विचारत होती आणि त्याला आवाज नीट येत नव्हता. "मिहू, तो हेडफोन दे पटकन," तो म्हणाला. तिने कपाटावरचा हेडफोन घेतला, त्याच्याकडे बघून हसली आणि दारातूनच अलगद ढकलला. तो खोलीच्या मधोमध पडला. मिहिका तोवर वळून गेलीही होती, कारण तिच्या हिशेबी तो पोचणारच होता.

श्रीरंगने जमिनीवरच्या हेडफोनकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. पडद्यावरचा माणूस "ऐकू येतंय का?" विचारत होता.

"येतंय," श्रीरंग म्हणाला. "पण मला आधी दुसरं काहीतरी सांगायचंय." आणि त्याने उठून दार लावून घेतलं.

इतक्या दिवसांनी ते ओझं माझ्या एकटीवरून उतरलं. ओजस झोपला होता. मिहिकाचं जहाज आज बंद, हे श्रीरंग आबांना सांगेल असं मी धरून चालले आणि आंघोळीला गेले. श्रीरंगला वाटलं, मी सांगितलं असेल. आमच्या घरात निरोप असेच अडकतात.

नळ बंद केला तेव्हा ओजस रडत नव्हता, पण रडून थांबल्यासारखा हुंदके देत होता. त्याचा आवाज पाळण्यातून नाही, खोल्यांमधल्या बोळातून येत होता. मी ओल्या केसांनीच दार उघडलं.

बोळाच्या त्या टोकाला मिहिका उभी होती. ओजस तिच्या हातात. आबा स्वयंपाकघरात भांडं वाजवत होते. पोरगं उठलं म्हणून त्यांनीच तिच्याकडे दिलं होतं आणि ते पाणी कोमट करायला गेले होते. तिच्या केसांवर हेल्मेटचा पट्टा उमटलेला होता, म्हणजे ती आत्ताच खेळून उठली होती. खाली फरशी. आमच्यात चार-पाच पावलांचं अंतर, आणि तेवढ्या अंतरावर जहाजात कुणी चालत जात नाही.

मला बघून तिला आनंद झाला. तिने ओजसला काखेतून धरून पुढे केलं. तिचे हात पूर्ण लांब झाले.

ओरडले तर ती दचकेल, धावले तरी दचकेल. मी काहीच केलं नाही. तिच्या दहा बोटांकडे बघत राहिले.

"आई," ती म्हणाली, "तुझ्याकडे?"

मी अजून तिच्या बोटांकडेच बघत होते.

"म्हण ना, आई. हात दुखतायत."

"काय म्हणू?"

"'माझ्याकडे' म्हण. दोन्ही हात त्याच्याखाली घाल आणि मग म्हण. त्याशिवाय मी सोडत नसते."

मी चालत गेले. एक हात त्याच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली. "माझ्याकडे," म्हणाले. तिने आधी डावा हात काढला, माझ्याकडे बघितलं, मग उजवा. ओजस माझ्या छातीशी आला, आणि मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले.

"काय झालं वं?" आबा भांडं घेऊन बाहेर आले. "अशी भुईवर काहून बसली?"

"मिहू," मी म्हणाले, "हे 'तुझ्याकडे, माझ्याकडे' काय आहे?"

"खेळातलं आहे. पाणी, डबे, हत्यारं ढकलून दिली तरी चालतात. पण बियाण्याची पेटी, ऑक्सिजन आणि आजारी माणूस जोखमीचे. ते ढकलायचे नाहीत. देणाऱ्याने विचारायचं, घेणाऱ्याने सांगायचं, मग सोडायचं. नाहीतर जहाज पुढेच जात नाही."

"ते मी टाकाले लावलं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा रुबाब आला. "पहिल्याच दिवशी श्रीरंगले म्हटलं, अरे बाबू, कंडक्टरनं घंटी मारल्याबिगर ड्रायव्हर गाडी हालवत नाही. मांगं कोनी चढून राह्यलं, कोनी उतरून राह्यलं, मले काय दिसते? आपन आपल्या मनानं काही सोडाचं नाही. दुसऱ्यानं सांगितलं, मंगच."

मी मिहिकाला जवळ ओढलं. ती आली, पण अंग चोरून. मग हळूच म्हणाली, "माझे हात चुकतायत ना?"

"तुला माहीत होतं?"

"साबण पडला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी ओजूला उचलायच्या आधी मनात म्हणते, ओजस जोखमीचा. तसं म्हटलं की हात थांबतात. एकदाही चुकले नाहीत. उशीवर पण करून बघितलं मी, खूप वेळा."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तू त्याला मला देणं बंद केलं असतंस." ती थोडा वेळ ओजसचं पाऊल चाचपत राहिली. "तरी केलंसच."

आबा भांडं घेऊन तसेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पाणी निवलं म्हणून परत आत गेले.

नागपूरला कानाच्या आणि तोलाच्या विकारांच्या एक डॉक्टर आहेत, फुलझेले म्हणून. पुढच्या आठवड्यात आम्ही पहाटेच्या गाडीने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मिहिकाला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, चेंडू झेलायला लावले, हातात वस्तू देऊन काढून घेतल्या, आणि शेवटी चक्क हसल्या.

"अंतराळातून परत आलेल्या माणसांचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "कप हवेत सोडतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. मेंदू दर क्षणी अंदाज बांधत असतो. हे सोडलं तर कुठे जाईल, हे उचलायला किती जोर लागेल. तिकडे राहून अंदाज बदलतात. इकडे आलं की परत जागेवर बसतात. मोठ्यांचे उशिरा बदलतात आणि उशिराच परत बसतात. हिचे लवकर बदलले."

"म्हणजे लवकर परत येतील?" मी विचारलं.

"येतीलच. बिघडलं काहीच नाहीये. तुमची मुलगी हुशारीने एक गोष्ट शिकलीये, फक्त ती इथे उपयोगाची नाही." मग त्या मिहिकाकडे वळल्या. "खेळ काही दिवस बंद. आणि औषध म्हणजे वजन. उचलायचं, वाहायचं, फेकायचं, झेलायचं. सुरुवातीला पडलं तरी चालेल असं. नंतर पडून चालणार नाही असं."

"आणि बाळ?" मिहिकाने विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर देताना माझ्याकडे बघितलं. "त्याच्या बाबतीत तुझे हात चुकत नाहीयेत म्हणतेस ना? मग त्याला घे. आधी गादीवर बसून. उभं राहून कधी घ्यायचं, ते आई ठरवेल."

परत येताना गाडीत मला झोप लागली नाही, पण कित्येक दिवसांनी छातीवरचा दगड बाजूला झाला होता.

श्रीरंगला ते सोपं गेलं नाही. कानामागच्या त्या चकत्यांवर त्याची तीन वर्षं गेली होती. कंपनीत काहीजणांना वाटत होतं, एकाच मुलीचं उदाहरण आहे, थांबून बघू. श्रीरंगने बाकीच्यांच्या घरी फोन लावले आणि 'चक्कर येते का' हा प्रश्न सोडून विचारलं, मूल हातातल्या वस्तू टाकतं का? वर्ध्याच्या एका वडिलांनी सांगितलं, आमच्याकडे आता फक्त प्लास्टिकचे कप आहेत, मुलगा फार धांदरट झालाय. अमरावतीच्या एका आईचं मुलाला वेंधळेपणाबद्दल चार वेळा रागावून झालं होतं. मग मात्र कुणी थांबून बघू म्हणालं नाही. दिवाळीचा मुहूर्त पुढे गेला. मुलांच्या खेळातून तो प्रवाह काढून टाकायचं ठरलं. तरंगणं गेलं, जहाज राहिलं.

"आता तो अर्धाच खेळ झाला," श्रीरंग म्हणाला. तिसऱ्या दिवशी हिरव्या दुकानदाराला स्मरणशक्ती द्यायच्या कामाला लागला.

कंपनीने पालकांचं मत मागवलं होतं. एका बाजूला जमेच्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्या बाजूला उणिवा. मी बराच वेळ विचार केला आणि दोन्हीकडे एकच वाक्य लिहिलं: मुलं या खेळातून खरोखर शिकतात. श्रीरंगने ते वाचलं आणि काही न बदलता पाठवून दिलं.

घरात औषध सुरू झालं. आबांनी ते अंगावरच घेतलं. सकाळी ऊन चढायच्या आत तिला घेऊन गच्चीवर, हातात पाण्याची कळशी. संध्याकाळी कांदे फेकून झेलायचे. "पकड, पकड, सोडू नको, पॅसेंजर हाय तो," असं त्यांचं चाललेलं. पहिल्या आठवड्यात इतके कांदे फुटले, की रोज पिठलं. माठ भरायचं काम तिचं झालं. गव्हाचा डबा खालून वर आणायचा तिने आणि आबांनी मिळून. वस्तू पडायच्या, मग कमी पडायला लागल्या. एके दिवशी हात पुसता पुसता तिने ग्लास सोडता सोडता पकडला आणि तो ओट्यावर ठेवला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी पाठ फिरवून फोडणी देत राहिले, कारण डोळे भरले होते आणि मोहरी तडतडत होती.

ओजस तिला गादीवर मिळायला लागला. मी शेजारी बसायचे. मग शेजारच्या खुर्चीत. तो आता लाथा झाडायचा, पालथा पडायचा, दोन्ही मुठींनी तिचे केस ओढायचा. उभं राहून कधी द्यायचं ते मी ठरवायचं होतं, आणि मी रोज उद्यावर ढकलत होते. मिहिकाने एकदाही विचारलं नाही. ती विचारत नाहीये हेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

त्या दिवशी ओजसला दात येत होते. सकाळपासून किरकिर. श्रीरंग नागपूरला गेलेला, आबा आतल्या खोलीत घोरत पडलेले. दुपार टळत आली होती, पडद्याच्या कडेने उन्हाची पिवळी रेघ भिंतीवर चढली होती. मी त्याला खांद्यावर टाकून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होते आणि माझे डोळे चालता चालता मिटत होते. मिहिका पुस्तक मिटून उठली. समोर येऊन उभी राहिली.

"तुझ्याकडे?" मी विचारलं.

तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं, मी खरंच विचारतेय का म्हणून. मग दोन्ही हात त्याच्याखाली घातले. "माझ्याकडे."

मी सोडला.

तिने त्याला खांद्यावर घेतलं, मानेला हात लावला आणि खिडकीपासून दारापर्यंत चालायला लागली. मी पलंगाच्या कडेवर बसले. ती वळली की माझे खांदे वर जायचे. परत वळली की खाली यायचे. ती काहीतरी सांगत होती त्याला, ग्रहांबद्दल, पाण्याबद्दल, नीट ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, जरा टेकते, नजर तिच्यावरच ठेवते. उशी गार होती.

जाग आली तेव्हा भिंतीवरची रेघ गेली होती. खाली आवारात मुलांचा गलका चालला होता, म्हणजे उन्हबंदी उठली होती. मी झोपले होते. ओजस झाल्यापासून, तो दुसऱ्या कुणाच्या हातात असताना, मी पहिल्यांदाच झोपले होते.

मिहिका खिडकीपाशी उभी होती. ओजस तिच्या खांद्यावर गाढ झोपलेला, तोंड उघडं, लाळेने तिचा फ्रॉक ओला. ती या पायावरून त्या पायावर भार टाकत होती आणि तिचं तोंड अगदी वैतागलेलं होतं.

"आई, हा किती जड आहे गं," ती म्हणाली. "माझा हात तुटायला आलाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. "खूप जड आहे?"

"खूप. दगडासारखा. घे ना त्याला आता."

"अजून थोडा वेळ धर," मी म्हणाले आणि कूस बदलली.